कोपरखळी

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली पहिली वीस मी गुपचूप झोपलो आणि पुढची अकरा मी घोरतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ‘म्हणणं आहे’ हे शब्द मी जपून वापरतोय. या खटल्यात फिर्यादी तीच, साक्षीदार तीच, आणि आरोपी घटनास्थळी हजर असूनही त्याला घटनेतलं काही ठाऊक नाही. माणसावर दुसरा कुठलाही आळ आला तर ‘मी त्या वेळी तिथे नव्हतोच’ असं सांगायची सोय असते. घोरण्याच्या आळात तेवढीही नाही.

तसं आमच्या घराण्यात घोरण्याला कुणी कधी दुखणं मानलं नाही. आजोबा चिपळूणच्या घरी पडवीत निजायचे आणि त्यांचा आवाज माजघर ओलांडून मागच्या गोठ्यापर्यंत जायचा. आजी म्हणायची, “ह्यांचा आवाज चालू आहे तोवर घरात चोर शिरायचा नाही.” दिवसभर राबलेल्या माणसाच्या कष्टांची ती पावतीच, अशी तेव्हाची समजूत. ‘डाराडूर झोपलाय’ हे कौतुकानंच म्हणायचे. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण जिथे लहानपणापासून कानावर पडते, तिथे झोप ही रक्त-लघवीसारखी तपासून घ्यायची गोष्ट आहे, हे कुणाच्या डोक्यात यायचं?

कुंभकर्णाचंच बघा ना. सहा महिने झोपायचा. उठवायला ढोल, नगारे, शंख, वर अंगावरून हत्ती. उठला की खा-खा सुटलेली. इंद्रासन मागायला गेला आणि जीभ वळून निद्रासन मागून बसला, एवढ्यावर सगळ्यांनी विषय मिटवला. अख्ख्या लंकेत एकानंही विचारलं नाही, की हा एवढा झोपतो तरी याची झोप पुरी का होत नाही? एखादा बरा डॉक्टर तिथे असता, तर त्यानं पहिल्याच भेटीत टेप काढून त्याच्या गळ्याचा घेर मोजला असता.

माझा मोजला तेव्हा ४३ सेंटिमीटर भरला. ४० च्या वर गेलं की डॉक्टर भुवई उंचावतात. पण ते नंतर.

माझी स्वतःची जी काही तक्रार होती ती दिवसाची होती, आणि तिला मी तक्रार म्हणत नव्हतो. लोकलमध्ये उभ्याउभ्या झोपणं हे डोंबिवलीकराचं अंगभूत कौशल्य समजलं जातं. माझ्यात ते जरा जास्त, एवढंच. डोंबिवलीला उतरायचं ते दोनदा कल्याणला उतरलो, एकदा तर थेट बदलापूरला. शेजाऱ्यांकडच्या सत्यनारायणात साधुवाण्याची नौका पाण्यावर तरंगत असताना मी पेंगायला लागलो तो आरतीच्या टाळांनीच जागा झालो. ऑफिसात साहेब बोलत असताना मी मान डोलवायचो. ती डुलकी असते, संमती नव्हे, हे साहेबांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. उलट निरोपाच्या भाषणात त्यांनी माझ्या समजूतदारपणाचा खास उल्लेख केला.

शिवाय सकाळी डोकं जड असायचं, तोंडाला कोरड पडायची, रात्री तीन-तीनदा बाथरूमच्या फेऱ्या व्हायच्या आणि ब्लडप्रेशरच्या एका गोळीच्या दोन झाल्या होत्या. प्रत्येकाला मी स्वतंत्र कारण नेमून दिलं होतं. डोक्याला पित्त, तोंडाला पंखा, फेऱ्यांना वय आणि गोळ्यांना ऑफिस. या चौघांची आपसात ओळख असेल, रात्री ते एकाच बिछान्यात मुक्कामाला असतील, असा संशयही मला आला नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. त्या बातमीत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ असे शब्द होते. म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडणं. बायकोनं पेपर माझ्यापुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

मी म्हणालो, “अगं, घोरतात सगळेच.”

“घोरण्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “सवय झालीय. ते थांबतं ना, त्याचं काय?”

मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. मी घोरत घोरत चढत जातो, आवाज टिपेला पोचतो, आणि एकदम शांतता. छाती हलत असते, पण हवा जात नाही. ती मोजायला लागते. ठरलेल्या आकड्यापर्यंत आवाज परत आला नाही तर कोपर मारते. मग मोठा खर्रकन श्वास येतो, मी काहीतरी पुटपुटतो, आणि पहिल्यापासून सुरू.

“किती मोजतेस?”

“वीस. पूर्वी तीसपर्यंत थांबायचे. आता धीर होत नाही.”

कोपरखळी हा शब्द आपण टोमण्यासाठी वापरतो. तसल्या मी एकतीस वर्षं खात आलोय आणि त्यांची मला व्यवस्थित नोंद आहे. खऱ्याखुऱ्या कोपराच्याही गेली अकरा वर्षं रोज रात्री खातोय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. “मग बोलली का नाहीस कधी?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “बोलले होते. तुम्ही म्हणालात, रात्री मोजत काय बसतेस, झोप.”

तरीही डॉक्टरकडे जायला मी पुढे काही वर्षं लावलीच. छातीविकारांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी आधी एक कागद भरायला दिला. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये काढलेली ही प्रश्नावली. प्रश्न आठच. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, कुणाशी बोलताना डुलकी लागण्याचा संभव किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाच्या वर गेलात, की तुमची रात्र दिवसाच्या हद्दीत घुसली असं समजायचं. एक प्रश्न असा, की जेवणानंतर, दारू घेतलेली नसताना, शांत बसलात तर डोळा लागतो का? काढणाऱ्यानं दारूचा विचार केला, श्रीखंड-पुरीचा केलेला दिसत नाही.

मी प्रामाणिकपणे कागद भरला. नऊ गुण. जिंकल्यासारखा कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा कोरा कागद काढून बायकोकडे दिला. म्हणाल्या, “काकू, आता यांच्यासाठी तुम्ही भरा.” तिचे सतरा झाले. एकच माणूस, एकच प्रश्न. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद बाजूला ठेवला आणि तिचा फाइलीत लावला.

नंतर झोपेची परीक्षा. एका रात्रीसाठी एका खोलीत झोपायला गेलो. तिथल्या मुलानं माझ्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पोटऱ्यांना तारा चिकटवल्या. नाकात बारीक नळी, छातीला नि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. कपाळावरच्या तारा दोन्ही बाजूंनी खाली सोडल्या तेव्हा समोरच्या आरशात मी मुंडावळ्या बांधलेला दिसायला लागलो. “आता निवांत झोपा, काका,” म्हणून त्यानं दिवा घालवला. लग्नाच्या दिवशीही मला असंच कुणीतरी निवांत राहायला सांगितलं होतं.

निकाल आला. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की ती एक वेळ धरतात. श्वास नुसता उथळ होऊन रक्तातला प्राणवायू घसरला तरी ती मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतं. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझा आकडा ३६. सहा तासांच्या झोपेत २१६ वेळा. म्हणजे बरोबर दोन माळा. प्राणायामात श्वास रोखून धरण्याला कुंभक म्हणतात आणि तो गुरूशिवाय करू नये असं जाणकार बजावतात. मी तो रोज रात्री दोन माळा करत होतो. गुरू शेजारीच होता, पण तो कोपरानं शिकवत असल्यामुळे ओळखू आला नाही.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला तो सीपॅपचा. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या टोकाला पावाच्या लादीएवढं यंत्र. मला आधी वाटलं ऑक्सिजन असेल. तसं काही नाही. आपल्याच खोलीतली, आपल्याच पंख्याखालची हवा ते यंत्र जरा दाबानं आत सोडतं. त्यांनी दाखला दिला तो भाजीवाल्याच्या पिशवीचा. प्लास्टिकची नवी पिशवी दोन्ही बाजूंनी चिकटलेली असते, कितीही चोळली तरी सुटत नाही. भाजीवाला तिच्या तोंडाशी एक फुंकर मारतो, पिशवी फुगते, उघडी राहते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की आपल्या घशाची तशीच पिशवी होते, आणि हे यंत्र रात्रभर भाजीवाल्याचं काम करतं.

फुंकर केवढी, तर माझ्यासाठी १० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढी. हे मला काही केल्या उमगेना. शेवटी घरी जाताना शहाळंवाल्याकडे थांबलो आणि स्ट्रॉ पाण्यात अर्ध्या वितीहून थोडी कमी बुडवून फुंकलं. बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागला तेवढा तो दाब. फार नव्हता. पण तेवढा जोर लावून रात्रभर कुणीतरी माझ्या नाकात फुंकत राहणार, या कल्पनेनं शहाळ्याचं पाणी गोड लागेना.

त्या रविवारी घरात सल्लामसलत झाली. आपल्याकडे यंत्र म्हटलं की आधी ते टाळायचे मार्ग शोधतात, आणि त्यात नातेवाइकांची प्रतिभा विशेष फुलते.

मेहुणा म्हणाला, कुशीवर झोपा. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घाला, उताणं झालात की टोचेल. हा उपाय थट्टेचा वाटला तरी थट्टेचा नाही. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, म्हणून बऱ्याच जणांचा श्वास उताणेपणीच अडतो. मला आपल्या पूर्वजांचं कौतुक वाटलं. दुपारच्या झोपेला त्यांनी नावच वामकुक्षी ठेवलं, म्हणजे डाव्या कुशीवर. एक ते चार दुकान बंद ठेवणारे पुणेकर शास्त्राला धरूनच होते म्हणायचे! पण माझ्या तपासणीत कुशीवरचा आकडाही २४ होता. नुसत्या चेंडूनं भागणार नव्हतं.

मुलगी म्हणाली, वजन कमी करा. वजन दहा टक्के उतरलं तर आकडा साधारण पाव हिश्शानं खाली येतो, असं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ च्या डिसेंबरात टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला लठ्ठ माणसांच्या याच आजारासाठी मान्यता दिलीय, हेही तिनं मोबाइलवर दाखवलं. मी वजन कमी करायचं कबूल केलं. ते मी १९९८ पासून कबूल करत आलोय. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी वस्तू सुचवली. ती सौम्य आणि मध्यम माणसांना बरी पडते. माझी तपासणी बघून त्यांनीच मान हलवली. एका काकांनी पडजीभ कापून घ्यायला सांगितलं. त्यांची स्वतःची शाबूत होती.

सगळ्यात सुरेख उपाय जावयानं शोधला. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजेरिडू नावाची लाकडाची लांबच लांब पुंगी वाजवतात. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पंचवीस जणांवर प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या लोकांना चार महिने ती वाजवायला शिकवली, आणि वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली, आकडाही उतरला. घशाच्या स्नायूंना तालीम मिळाली. या अभ्यासाला २०१७ मध्ये गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं! मला मोह पडला. डिजेरिडू नसेल तर सनई, तुतारी, अगदीच नाही तर शंख. बायको म्हणाली, “म्हणजे रात्री घोरणार आणि दिवसा तुतारी वाजवणार. मग मी कधी झोपायचं?” सोसायटीचे सेक्रेटरी तर आमच्या भिंतीपलीकडेच राहतात. तो प्रस्ताव बारगळला.

यंत्र टाळायची मला एवढी घाई झाली होती, तर त्या यंत्राचा जन्म कसा झाला हे ऐकल्यावर जरा ओशाळलो. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिका बाहेरून उघडायची. सिडनीत एका रुग्णानं ते करून घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा कॉलिन सलिव्हन या तरुण डॉक्टरनं व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावून, हवा ओढायच्या ऐवजी नाकात सोडून पाहिली. माणूस गाढ झोपला. पाच रुग्णांची हकिकत १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सुरुवातीच्या रुग्णांना तो मास्क रोज रात्री डिंकासारख्या सिलिकोननं चेहऱ्याला चिकटवावा लागे आणि सकाळी खरवडून काढावा लागे. तरी ते चिकटवत. ज्याला गळ्याच्या भोकाचा पर्याय दिसलेला असतो त्याला डिंकाचं काही वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिच्यामुळेच. मी विचारलं होतं, “हे लावलं की हार्ट ॲटॅक टळेल ना?” हो म्हणाल्या असत्या तर मी तिथल्या तिथे पैसे भरले असते. त्या म्हणाल्या, “तसं वचन मी देत नाही.” सात देशांत, त्यात भारतातही, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २७१७ जणांवर मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला. यंत्र दिलेल्यांत पुढचे झटके काही कमी झाले नाहीत. मात्र ती माणसं सरासरी रात्रीचे ३.३ तासच मास्क लावत होती, आणि तेवढ्यातही त्यांची पेंग कमी झाली, मन ताळ्यावर आलं, कामावरच्या दांड्या घटल्या. “हृदयाचं मी आज सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा दिवस तुम्हाला परत मिळेल, एवढं सांगते. पण लावलंत तर. मशीन कपाटात ठेवून गुण येत नाही.” आणि विकत घेण्याआधी महिनाभर भाड्यानं आणा म्हणाल्या. एवढा शहाणपणाचा सल्ला मला लग्नाच्या वेळीही कुणी दिला नव्हता. तो दिला असता तर बायकोनं मला महिनाअखेर परत केलं असतं, हा भाग वेगळा.

यंत्र आलं. ते उशीच्या उजव्या हाताला स्टुलावर बसलं, नळी मच्छरदाणीखालून आत आली आणि नाकाला मास्क लागला. पाच वर्षांची नात रात्री पाणी प्यायला उठली होती. तिनं दारातून पाहिलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, “आजी, आजोबांचा गणपती झालाय.” मच्छरदाणीचं मखर, त्यात मी, आणि उजवीकडे वळलेली सोंड. उजव्या सोंडेचा देव कडक, त्याचं सोवळं फार. माझ्याही यंत्राचं सोवळं तसंच निघालं. मास्कची गादी रोज पुसायची, नळी आठवड्याला धुऊन सावलीत वाळवायची, जाळी बदलायची, आणि हवा दमट करायच्या टाकीत नळाचं पाणी चालत नाही, डिस्टिल्डच लागतं. औषधाच्या दुकानात ते मागितलं तर दुकानदार म्हणाला, “इन्व्हर्टरला का, काका?” म्हटलं, “नाही, मला.”

पहिली रात्र शब्दशः वाऱ्यावर गेली. मिशीमुळे मास्क नीट बसेना, फट राहून वारा थेट डोळ्यांत. पट्टे आवळले तर गालांवर वळ. आणि मास्क लावून बोलायला तोंड उघडलं की नाकातली हवा तोंडावाटे सोसाट्यानं बाहेर पडते, शब्द मागेच राहतात. हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. लाइटबिलापासून माझ्या भाच्याच्या लग्नातल्या आहेरापर्यंत जे जे विषय अनेक वर्षं अनिर्णित पडून होते, ते तिनं त्या आठवड्यात रात्री साडेदहानंतर निकालात काढले. मी फक्त वारा घालत होतो.

यंत्र रोजचा हिशेब मोबाइलवर धाडतं: किती तास, किती गळती, श्वास कितीदा अडला. रात्रीचे चार तास तरी, आणि दहातल्या सात रात्री तरी लावलंत तर पास, असा साधारण दंडक. पहिल्या आठवड्यातली माझी सरासरी दोन तास दहा मिनिटं. सकाळी मास्क कधी उशीखाली, कधी जमिनीवर, एकदा मच्छरदाणीच्या बाहेर सापडला. तो मी कधी काढला, याची मला काहीच कल्पना नसायची. इथेही मी घटनास्थळी हजर आणि घटनेला अनभिज्ञ! दुसऱ्या आठवड्यात भाड्यानं देणाऱ्या मुलानं येऊन मास्क बदलून दिला. नाकपुड्यांना टेकणारी दोन मऊ बोंडं, बाकी चेहरा मोकळा. मिशी वाचली. दाब एकदम न येता हळूहळू चढत जाईल असं बटण त्यानं दाखवलं. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसतंच लावून बसायला सांगितलं. म्हणजे मी आता बातम्यांच्या वेळीही गणपती.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका बुधवारी उठलो तर सहा वाजले होते. रात्रीतून एकदाही उठलो नव्हतो. डोकं कुणीतरी धुऊन पुसून परत बसवल्यासारखं. श्वास अडण्याचा आकडा मोबाइलवर होता २.८. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं असेल. गाडीत नेहमीसारखा कडीला हात अडकवला आणि झोपेची वाट बघत राहिलो. ती आली नाही. मुंब्रादेवीचा डोंगर आला, कळव्याची खाडी आली, तिच्यात भरती होती. इतकी वर्षं मी रोज या खाडीवरून दोनदा जातोय. समोरचे एक गृहस्थ उभ्याउभ्या पेंगत होते, मान छातीवर, तोंड उघडं, मध्येच दचकून श्वास. मी त्यांच्या गळ्याच्या घेराचा नजरेनं अंदाज घेतला. नवीन बाटलेला माणूस कसा असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

महिना संपत आला. भाड्यानं देणाऱ्या मुलाचा फोन आला, “काका, ठेवायचं की परत न्यायचं?” मी बँकेतला माणूस. कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं: किंमत पन्नास हजाराच्या घरात. प्रवासात ओझं. रोजचं सोवळं. दाढी-मिशीची बंधनं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे बरं करणारं औषध नव्हे, चष्म्यासारखं आहे. लावाल त्या रात्रीपुरतं. उजवीकडे लिहिलं: खाडी. मग पेन थांबलं. उजवीकडे लिहायचं बरंच काही होतं, पण ते सगळं माझ्या झोपेत घडलेलं. त्याची माहिती माझ्याकडे नव्हती. प्रश्नावलीच्या वेळी जे झालं तेच पुन्हा. कागद माझा, उत्तर दुसरीकडे.

बायको तांदूळ निवडत होती. मी विचारलं, “काय करू गं?”

“मला काय विचारता? नाक तुमचं.”

“तरी.”

तिनं ताट एकदा हलवलं, दोन खडे काढले. “मी गेले बारा-तेरा दिवस मोजलेलं नाही,” ती म्हणाली. “परवा सकाळी तुम्ही उठून चहा ठेवलात, तो मला कळलाही नाही.”

मी मुलाला फोन लावून ठेवायचं म्हणून सांगितलं. रेघ मारलेला कागद पुढे वाण्याच्या यादीला उपयोगी पडला.

त्याला आता वर्ष होत आलं. ब्लडप्रेशरची दुसरी गोळी अर्ध्यावर आलीय, वजन दीड किलोनं उतरलंय आणि सत्यनारायणातली साधुवाण्याची पूर्ण गोष्ट मला प्रथमच कळलीय. यंत्र सगळ्यांनीच घ्यावं असं मी कुणाला सांगत नाही. ज्याचा आकडा सौम्य आहे, ज्याला दिवसा पेंग येत नाही, त्याला वामकुक्षी पुरेल कदाचित. मी एवढंच विचारतो, की तुमचा कागद कुणी भरला?

जूनमधली गोष्ट. पहिल्या पावसानं डोंबिवलीत जे व्हायचं ते झालं आणि मध्यरात्री दिवे गेले. पंखा थांबला, यंत्रही थांबलं. हे सगळं अर्थातच मला मागाहून कळलं. मला कळलं ते एवढंच, की बरगडीत काहीतरी ओळखीचं टोचलं. मी मास्क ओढून काढला. मिट्ट काळोख, बाहेर पाऊस.

“दिवे गेलेत,” शेजारून झोपाळलेला आवाज आला. “कुशीवर वळा.”

“किती मोजलंस?”

“बारा.”

मच्छरदाणीत अडकलेली सोंड सोडवून मी डाव्या कुशीवर वळलो.